छातीच्या फोटोत पसरलेला टीबी कसा ओळखावा: भगरीच्या दाण्याएवढ्या ठिपक्यांची गोष्ट

धुळे, नंदुरबार, जळगाव या पट्ट्यात एक्स-रेला कुणी एक्स-रे म्हणत नाही. ‘छातीचा फोटो’ म्हणतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरांसाठी, सामुदायिक आरोग्य अधिकाऱ्यांसाठी आणि एक्स-रे काढणाऱ्या तंत्रज्ञांसाठी हा लेख लिहितो आहे. रुग्णाच्या घरच्यांनी वाचला तरी त्यांना कळेल असं बघितलं आहे.

काही वर्षांपूर्वी पारोळ्याकडची एक तरुण बाई आली होती. कापूस वेचणारी, तीन महिन्यांची बाळंतीण. तिची सासू सांगत होती, ‘डागतर, तिना ताप उतरस नही. भूक लागस नही. रोज सुकी ऱ्हायनी.’ महिनाभर ताप होता, खोकला मात्र जवळजवळ नाही. मी फोटो पाहिला. डावी बाजू, उजवी बाजू, दोन्ही सारख्या. कुठे डाग नाही, पोकळी नाही, पाणी नाही. ‘नॉर्मल’ असं लिहून टायफॉइडच्या तपासण्या सांगितल्या. आठ दिवसांनी तीच बाई डोकं धरून, ओकाऱ्या करत परत आली. तोच जुना फोटो पुन्हा लावला आणि या वेळी दिव्याच्या जवळ जाऊन पाहिला. दोन्ही फुप्फुसांत वरपासून खालपर्यंत, कुणी मूठभर भगर उधळावी तसे बारीक ठिपके होते. ते पहिल्या दिवशीही तिथेच होते. चूक माझ्या नजरेची होती.

ती का झाली, हे समजलं तर पुढचं सगळं सोपं जातं. आपल्याला डाग शोधायची सवय असते. आजूबाजूपेक्षा वेगळं काय दिसतं, उजवीकडे आहे ते डावीकडे आहे का, अशीच तुलना नजर करत जाते. पसरलेल्या टीबीत सगळीकडे एकसारखंच बिघडलेलं असतं, त्यामुळे तुलनेला जागाच उरत नाही आणि डोळा ‘ठीक आहे’ म्हणून पुढे सरकतो. म्हणून इथे पाहण्याची रीतच बदलावी लागते.

दाण्याचं माप आधी डोळ्यांत बसवा

या प्रकाराला मिलिअरी टीबी म्हणतात. ‘मिलियम’ म्हणजे लॅटिनमध्ये राळ्यासारखं बारीक भरड धान्य. जॉन जेकब मँगेट यांनी 1700 साली शवविच्छेदनात असे दाणे पाहून ही उपमा दिली. क्ष-किरण त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी, 1895 मध्ये रोंटगेन यांना सापडले आणि टीबीचा जंतू कॉख यांनी 1882 मध्ये दाखवला. म्हणजे जंतू आणि फोटो दोन्ही यायच्या कितीतरी आधी हे दाणे उघड्या डोळ्यांनी पाहिले गेले होते. आपल्या सातपुड्याच्या उतारावर आजही भगर पिकते, तेव्हा ही उपमा आपल्याला पाठ करावी लागत नाही.

नवीन मुलांना शिकवताना मी व्ह्यूबॉक्सवर, म्हणजे फिल्म पाहायच्या दिव्याच्या पेटीवर, एक जुनी काळी फिल्म लावतो, ती आडवी करतो आणि तिच्यावर चिमूटभर भगर टाकतो. मग बाजरी, मग ज्वारी, शेवटी हरभरा. मिलिअरी दाणा 1 ते 3 मिलिमीटरचा, म्हणजे भगर-बाजरीएवढा आणि सगळे साधारण एका मापाचे. ज्वारीपासून हरभऱ्यापर्यंत, साधारण 4 ते 10 मिलिमीटरचे, कमी-जास्त मापाचे आणि कडा पुसट असलेले ठिपके दिसले, तर गोष्ट बहुधा वेगळी असते. तो टीबी श्वासनळीच्या वाटेने पसरलेला असतो, त्याबद्दल पुढे. घरी एकदा हा प्रयोग करून पाहा. हे माप शब्दांनी बसत नाही, हाताने बसतं.

पायरी पहिली: फोटोच्या आधी माणूस पाहा

दोन आठवड्यांपेक्षा जास्त ताप, उतरणारं वजन, गेलेली भूक, रात्रीचा घाम. खोकला नसला तरी टीबी बाजूला टाकू नका. मिलिअरीत जंतू रक्तातून पसरतात, श्वासनळीत फारसे नसतात, त्यामुळे खोकला कमी असू शकतो आणि थुंकीची तपासणी बऱ्याचदा निगेटिव्ह येते. बाळंतीण, दोन वर्षांखालचं मूल, नुकताच गोवर झालेलं मूल, एचआयव्ही, मधुमेह, मूत्रपिंडाचा जुना आजार, सांधेदुखीसाठी किंवा दम्यासाठी चालू असलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या, यांपैकी काहीही असेल तर संशय आणखी घट्ट धरा.

घरात कुणाला टीबी होता का, हे विचारताना ‘टीबी’ शब्द वापरून थांबू नका. बरेच जण नाही म्हणतात. ‘सहा महिन्यांच्या गोळ्या कुणी घेतल्या का’ असं विचारलं की उत्तर मिळतं. कामही विचारा. दगडखाणीत, क्रशरवर, दगड दळण्याच्या कारखान्यात किती वर्षं काढली? ऊसतोडीला किंवा मजुरीला गुजरातेत गेलेला माणूस मधली दोन वर्षं तिथे काय करत होता, हे आपणहून सांगत नाही. कामाची एवढी चौकशी का, ते खाली येईल.

आणि डोकेदुखी, ओकाऱ्या, वागण्यातला बदल, झोपाळलेपणा. मिलिअरी टीबीच्या बऱ्याच रुग्णांत जंतू मेंदूच्या आवरणापर्यंत पोचलेले असतात. हा प्रश्न फोटोच्या आधी विचारायचा, नंतर नाही.

पायरी दुसरी: फिल्म वाचण्यालायक आहे का

इथे घाई करू नका, कारण बारीक ठिपके खराब फिल्ममध्ये हरवतात आणि खराब फिल्ममध्ये नसलेले ठिपके उगवतातही.

नाव, तारीख, डावी-उजवी खूण बघा. मग कॉलरच्या हाडांची आतली टोकं मणक्याच्या मधल्या काट्यापासून सारख्या अंतरावर आहेत का ते पाहा. नसतील तर रुग्ण तिरका उभा होता आणि एक फुप्फुस उगाच काळं, दुसरं उगाच पांढरं दिसेल. श्वास पूर्ण घेतला होता का, यासाठी बरगड्या मोजा. छाती-पोटामधल्या पडद्याच्या उजव्या भागावर पुढून सहावी किंवा मागून नववी-दहावी बरगडी दिसली पाहिजे. अर्धवट श्वासात खालच्या भागातल्या रक्तवाहिन्या दाटतात आणि नवखा डोळा त्यांना ठिपके समजतो. थकलेल्या माणसाला ‘श्वास घ्या, धरा’ हे एकदा त्याच्या बोलीत सांगून, एकदा करून घेऊन मगच बटण दाबावं. हे तंत्रज्ञाच्या हातात आहे आणि निदानातला निम्मा वाटा त्याचाच असतो, असं मी मानतो.

किरणांचा जोर बघा. हृदयाच्या सावलीमागे मणके जेमतेम दिसावेत. फिल्म जास्त काळी झाली तर भगर जळून जाते, एकही दाणा उरत नाही. फार पांढरी असेल तर सगळ्यांनाच मिलिअरी असल्यासारखं दिसतं. डिजिटल यंत्रावर हा दोष थोडाफार सुधारता येतो, पण मोबाइलवर व्हॉट्सॲपने आलेला फोटो पाहून ‘नॉर्मल’ कधीही म्हणू नका. तो फोटो दाबून लहान केलेला असतो आणि आपल्याला हवं ते मापच त्यात पुसलं जातं. मूळ फाइल संगणकाच्या मोठ्या पडद्यावर उघडा. फिल्म हातात असेल तर ती खिडकीच्या उजेडाला धरू नका. व्ह्यूबॉक्स लावा, खोलीतला दिवा बंद करा.

पायरी तिसरी: आधी दुरून, मग नाकाजवळून

पहिल्यांदा पाच-सहा फुटांवरून पाहा. हृदयाचा आकार, पाणी, मोठी पोकळी, एखादं आकसलेलं फुप्फुस हे सगळं दुरून चांगलं कळतं. मग फिल्मच्या एक वीतभर जवळ जा.

आता बरगड्या विसरा आणि दोन बरगड्यांच्या मधल्या फटीत पाहा. हाडाची सावली मध्ये आली की दाणा बुजतो, फटीत तो उघडा पडतो. विशेषतः खालच्या भागातल्या फटी, कारण मिलिअरी दाणे दोन्ही फुप्फुसांत सगळीकडे असले तरी खाली किंचित दाट असतात. एक फट निवडा आणि आतून बाहेर, फुप्फुसाच्या मुळापासून (जिथून रक्तवाहिन्या आणि श्वासनळ्या आत शिरतात) कडेपर्यंत नजर न्या. रक्तवाहिन्या मुळाशी जाड असतात, बाहेर जाताना बारीक होत जातात आणि चांगल्या फुप्फुसाच्या बाहेरच्या दोन-एक सेंटीमीटरच्या पट्ट्यात दिसेनाशा होतात. तो पट्टा काळा, मोकळा असायला हवा. तिथे ठिपके दिसले तर ते रक्तवाहिन्यांचे नाहीत.

मला विचाराल तर सगळ्या लेखातली ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरे: बाहेरची दोन सेंटीमीटर. समोरून आलेल्या रक्तवाहिनीचं टोकही गोल ठिपक्यासारखं दिसतं, पण ते मुळाजवळ असतं, शेजारी बहुधा तेवढीच श्वासनळीची अंगठी असते आणि त्यातून फांदी निघालेली दिसते. मिलिअरी दाण्याला फांदी नसते.

शंका राहिली तर त्याच वयाच्या, त्याच यंत्रावर काढलेल्या निरोगी माणसाचा फोटो शेजारी लावा. डावी-उजवी तुलना इथे कामाची नाही म्हटलं, पण या माणसाची त्या माणसाशी केलेली तुलना कामाची आहे. रुग्णाचा स्वतःचा जुना फोटो मिळाला तर उत्तमच. बाजूने काढलेला फोटो, म्हणजे लॅटरल व्ह्यू, काढता आला तर हृदयामागची जागाही पाहता येते.

पायरी चौथी: पसरण्याची वाट कोणती

रक्तातून पसरलेला टीबी वर सांगितला तसा: एका मापाचे दाणे, दोन्हीकडे, सगळीकडे.

श्वासनळीच्या वाटेने पसरलेला टीबी वेगळा दिसतो आणि आपल्याकडे तो जास्त दिसतो. बहुधा वरच्या भागात, कॉलरच्या हाडाच्या मागेपुढे, जाड भिंतीची पोकळी असते. त्या पोकळीतला पू श्वासनळीतून खाली आणि दुसऱ्या फुप्फुसात सांडतो. मग ज्वारीएवढे-हरभऱ्याएवढे पुसट ठिपके घोळक्याने दिसतात, कुठे एकत्र मिळून ढग होतात, एका बाजूला जास्त, दुसरीकडे कमी. या रुग्णाला खोकला असतो, थुंकीत जंतूही भरपूर असतात आणि घरातल्यांना धोकाही जास्त असतो. मधुमेह असेल तर पोकळी खालच्या भागातही दिसते, म्हणून ‘खाली आहे म्हणजे टीबी नाही’ असं समजू नका. एचआयव्ही बराच पुढे गेलेला असेल तर पोकळी सहसा होत नाही, गाठी दिसतात, कधी फोटो अगदी स्वच्छ असतो.

लहान मुलांत मुळाजवळच्या आणि श्वासनलिकेच्या उजव्या कडेच्या गाठी शोधा. लॅटरल फोटो इथे फार मदत करतो. बीसीजी लशीने मुलांतला मिलिअरी टीबी आणि टीबीचा मेंदूज्वर यांपासून चांगलं संरक्षण मिळतं, पण दंडावर व्रण आहे म्हणून टीबी नाही असं लिहू नका.

आकसलेला वरचा भाग, ओढली गेलेली श्वासनलिका, वर खेचलेलं मूळ, चुन्यासारखे कठीण डाग हे बऱ्याचदा जुन्या, भरून आलेल्या टीबीचे असतात. पण रोग आज जागा आहे की झोपलेला, हे एका फोटोवरून ठरवता येत नाही. जुना फोटो आणि थुंकीची तपासणी, दोन्ही लागतात.

बाकीचं पटकन: फुप्फुसांच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांत पाणी, हृदयाभोवती पाणी, मणक्यांची झीज, गळ्यातल्या गाठी. रोग पसरलेला असेल तर यांतलं काहीतरी सोबत असू शकतं.

पायरी पाचवी: सीटी कधी, आणि त्यात काय पाहायचं

फोटो स्वच्छ आणि ताप मात्र हटत नाही, अशा वेळी सीटीचा विचार करा. मिलिअरीत सुरुवातीला साधारण तीनांतल्या एका रुग्णाच्या फोटोत काही दिसत नाही. दाणे फिल्मवर उमटण्याइतके मोठे आणि दाट व्हायला काही आठवडे जातात. सीटी शक्य नसेल, अक्राणी-धडगावच्या डोंगरातून रुग्णाला खाली आणणं अवघड असेल, तर दहा-पंधरा दिवसांनी फोटो पुन्हा काढा. मधल्या काळात रुग्णाला वाऱ्यावर सोडू नका.

सीटी पातळ कापांची हवी, एक-दीड मिलिमीटरची. त्यात दाणे कुठे बसलेत ते पाहायचं. मिलिअरी दाणे कुठलाही नियम पाळत नाहीत: काही फुप्फुसाच्या आवरणाला चिकटलेले, काही दोन खंडांमधल्या भेगेवर, काही रक्तवाहिनीवर, काही मोकळ्या जागेत. श्वासनळीच्या वाटेने आलेले ठिपके मात्र आवरणापासून पाच-दहा मिलिमीटर आतच थांबतात आणि बारीक फांद्यांना लागलेले दिसतात. याला ट्री-इन-बड म्हणतात. हरभऱ्याच्या डहाळ्याला घाटे लागतात ना, अगदी तसं. ठिपके आवरणावर, भेगेवर आणि श्वासनळीच्या भोवती मण्यांसारखे ओळीने असतील तर सिलिकोसिस (दगडाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार) किंवा सारकॉइड (जंतूशिवाय अंगात गाठी होणारा आजार) यांचा विचार करा.

सारखे दिसणारे इतर आजार

सिलिकोसिस हा सगळ्यांत महत्त्वाचा, म्हणून वर कामाबद्दल विचारायला सांगितलं. दगडाची धूळ वर्षानुवर्षं ओढलेल्या माणसाच्या फुप्फुसात बारीक गाठी होतात, पण त्या वरच्या भागात जास्त असतात आणि मुळाजवळच्या गाठींना कधी अंड्याच्या कवचासारखी चुन्याची कड असते. अशा माणसाला टीबीही सहज होतो, म्हणून एकाचं निदान झालं की दुसऱ्याचा शोध थांबवू नका. वर्षानुवर्षं टीबीच्या गोळ्या खाऊनही फोटो जागचा हललेला नाही असे मजूर भेटतात. त्यांच्या केसपेपरवर व्यवसाय ‘मजुरी’ एवढाच लिहिलेला असतो. कसली मजुरी, हे लिहा.

रात्री दमा-खोकला, रक्तात इओसिनोफिल तीन हजारांच्या वर, फोटोत बारीक ठिपके, असं असेल तर हत्तीरोगाच्या जंतूमुळे होणारा ट्रॉपिकल इओसिनोफिलिया असू शकतो. साधी रक्ततपासणी वाट दाखवते. थायरॉइड, मूत्रपिंड अशा ठिकाणच्या कर्करोगाचे दाणेही पसरतात, पण ते लहान-मोठे असतात. सारकॉइडचा माणूस फोटोच्या मानाने बराच ठणठणीत दिसतो.

नंदुरबार भागात भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. सिकलसेलच्या रुग्णाला अचानक छातीत दुखून, तास-दोन तासांत नाहीतर एखाद्या दिवसात फोटोत नवे ढग आले, तर तो बहुधा सिकलसेलमुळेच फुप्फुसाला बसणारा तातडीचा झटका (अ‍ॅक्यूट चेस्ट सिंड्रोम) असतो, हृदयविकाराचा नव्हे. टीबी इतक्या वेगाने येत नाही. पण त्या रुग्णाला महिनाभर ताप असेल तर टीबीही शोधा.

पायरी सहावी: पाहिलं ते लिहा, आणि पुढे चाला

रिपोर्टात ‘कॉक्स’ (कॉख यांच्या नावावरून टीबीसाठी डॉक्टरांचा शब्द) एवढंच लिहू नका. कुठे, किती मोठे, एका मापाचे की नाही, कडा कशा, बाहेरच्या पट्ट्यात आहेत का, पोकळी, गाठी, पाणी, जुन्या फोटोशी फरक, हे सगळं लिहा. मग ‘मिलिअरी टीबीची दाट शंका’.

त्याच दिवशी थुंकी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या जंतूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या तपासणीला पाठवा, रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध चालतं का तेही त्यातच कळतं. थुंकी येत नसेल तर सलाइनची वाफ देऊन काढा, मुलांत जठरातलं पाणी घ्या. पाणी साठलं असेल किंवा गाठ असेल तर तिथला नमुना घ्या. एचआयव्ही आणि साखर प्रत्येकाची तपासा. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून बाहुली मोठी करून आतला पडदा पाहून घ्या. तिथे पिवळट दाणे दिसले तर निदान जवळजवळ हातात येतं आणि या तपासणीला पैसेही फारसे लागत नाहीत. डोकेदुखी किंवा गोंधळलेपण असेल तर मणक्यातलं पाणी तपासण्यासाठी आपल्याकडे थांबवून ठेवू नका. तशा रुग्णाला, किंवा ऑक्सिजन 94च्या खाली असलेल्याला, सरळ जिल्हा रुग्णालयात किंवा धुळे, जळगाव, नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात हलवा. मेंदूज्वर असेल तर उपचार बराच लांबतो आणि सुरुवातीला स्टेरॉइडही लागतात, म्हणून हे आधीच कळायला हवं.

तपासणी निगेटिव्ह आली तरी चित्र पक्कं असेल तर वरिष्ठांशी बोलून औषधं सुरू करता येतात. उपचाराशिवाय मिलिअरी टीबी जीव घेतो, त्यात वाट पाहायला जागा नाही. तोवर ‘बघू या’ म्हणून लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक किंवा डेक्साची (स्टेरॉइडची) सुई देऊ नका. दोन दिवस ताप उतरतो, घरचे खूश होतात आणि रोग आड लपतो. ही सवय आपल्याकडे फार आहे आणि तिने फार नुकसान केलं आहे.

टीबीच्या रुग्णाची सरकारकडे नोंद 2012 पासून खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे; ती निक्षय या सरकारी पोर्टलवर करा. त्यासोबत रुग्णाचं बँक खातं लगेच जोडून घ्या. सरकारकडून मिळणारे पोषणाचे 500 रुपये नोव्हेंबर 2024 पासून महिन्याला 1000 झाले आहेत आणि कापूस वेचणीचा रोज बुडालेल्या घरात त्या पैशांची दाळ-अंडी येतात.

यंत्रात बसवलेलं एआय आता गावोगावच्या तपासणी शिबिरांत फोटो वाचतं. डब्ल्यूएचओने (जागतिक आरोग्य संघटनेने) 2021 मध्ये 15 वर्षं आणि त्यावरील लोकांच्या तपासणीसाठी त्याची शिफारस केली. त्याची मदत जरूर घ्या. पण ती शिफारस मुलांसाठी नव्हती, आणि त्याने कमी गुण दिले तरी महिन्याचा ताप हा महिन्याचा ताप असतो.

पुढचे फोटो

औषधं सुरू झाल्यावर ताप, भूक आणि वजन आधी सुधारतात, फोटो मागून येतो. ठिपके विरायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. मधे एखादी गाठ वाढली, थोडं पाणी आलं तर घाबरून औषधं बदलू नका. गोळ्या रोज घेतल्या जातात का, जंतू औषधाला दाद देणारा आहे का, हे तपासा. दोन महिन्यांनी एक फोटो काढा आणि पहिल्याच्या शेजारी लावा.

पारोळ्याच्या त्या बाईचा दोन महिन्यांनंतरचा फोटो मी दिव्यावर लावला तेव्हा सासूबाई खुर्चीवरून उठून जवळ आल्या. मी बोटाने कडेची पट्टी दाखवली. मधे काही ठिपके अजून होते, बाहेरची दोन सेंटीमीटर मात्र काळी, मोकळी झाली होती. दोन्ही फिल्म पाकिटात घालून, वर तारखा लिहून मी त्यांच्या हातात दिल्या. फिल्म रुग्णाकडेच राहू द्या आणि पत्र्याच्या पेटीत सपाट ठेवायला सांगा. छपराच्या वाशात खोचलेली फिल्म एका पावसाळ्यात चिकटून जाते.